गाठ मेंदूच्या तळाशी, वाट कोणती?

 

आजचा विषय नावाला जड आहे. मेंदूच्या खाली, कवटीच्या तळाशी जी गाठ होते, ती मोठी झाली तर ऑपरेशन कोणत्या वाटेनं करायचं, हे आज समजून घेऊ. हा आजार घरोघरी दिसत नाही. पण ज्या घरात येतो तिथं दोन तऱ्हेचं बोलणं सुरू होतं. एक जण म्हणतो, "लिंबाएवढी गाठ नाकातून कशी निघंल? फसवायलेत." दुसरा म्हणतो, "डोकं उघडायचं म्हणजे बाई हातची गेली. त्यापेक्षा घरीच राहू द्या." या बोलण्यात महिने जातात आणि तेवढ्यात बाईची नजर जाते. म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

दोघांचीही गफलत एकच आहे. दोघं गाठ केवढी आहे तेवढंच बघतात. डॉक्टर आधी बघतात गाठ कुठं आहे, कशाखाली दबलेली आहे आणि तिच्या आजूबाजूला काय आहे. वाट त्यावरून ठरते.

उतरंडीतलं खालचं मडकं

कवटी म्हणजे मेंदूची पेटी. या पेटीच्या तळाच्या हाडावर मेंदू टेकलेला असतो. तळाच्या त्या हाडाला भोकं असतात. त्यांतून डोळ्यांच्या, कानाच्या, चेहऱ्याच्या नसा बाहेर येतात आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आत जातात. म्हणजे वर मेंदू, खाली नाक आणि घसा, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत नसांची आणि रक्तवाहिन्यांची दाटी.

आता आपल्या घरातली उतरंड डोळ्यांपुढं आणा. एकावर एक मडकी रचलेली आहेत आणि आपल्याला सगळ्यात खालच्या मडक्यातलं काही काढायचंय. वरून गेलं तर वरची मडकी हलवावी लागतात. खालच्या मडक्याला बाजूनं हात घालता आला तर वरच्यांना धक्काच लागत नाही. कवटीच्या तळाच्या ऑपरेशनचा पहिला नियम हाच आहे. मेंदू शक्यतो हलवायचा नाही आणि कुठलीही महत्त्वाची नस ओलांडून पलीकडं जायचं नाही. नस गाठीच्या वर असेल तर गाठीकडं खालून जायचं. नस खाली असेल तर वरून किंवा बाजूनं जायचं.

इथं होणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. शरीरभर पसरत नाहीत, हळूहळू वाढतात. पण जागाच अशी अडचणीची की साधी गाठसुद्धा डोळा किंवा कान घेऊन जाते.

हरभऱ्याएवढी ग्रंथी, लिंबाएवढी गाठ

या तळाच्या बरोबर मधोमध, नाकाच्या मागं, हाडात एक खोलगट जागा आहे. घोड्याच्या खोगिरासारखी. तिच्यात हरभऱ्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात, पुस्तकात तिचं नाव पीयूषिका. एवढीशी ग्रंथी, पण पाळी, अंगावरचं दूध, वाढ, थायरॉईड, अंगातली ताकद, या सगळ्यांवर तिचा हुकूम चालतो. तिच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना भेटतात. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणारी एकेक जाड रक्तवाहिनी असते.

या ग्रंथीत गाठ झाली आणि ती वर वाढली की आधी डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात. समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं. बाई दाराच्या चौकटीला खांदा आपटते. रस्ता ओलांडताना बाजूनं येणारी मोटारसायकल तिला दिसत नाही. घरचे म्हणतात, "ध्यान कुठं असतं तुझं?" चष्मा बदलतात, नंबर बदलतात, पण फरक पडत नाही.

बायकांना आणखी दोन खुणा आधी दिसतात. एक, पाळी थांबते. दुसरी, लेकरू अंगावर पीत नसतानाही अंगावर दूध येतं. यात मूल राहत नाही आणि दोष मात्र सुनेच्या कपाळी लागतो. चाळिशीपुढच्या बाईची पाळी थांबली तर सगळे म्हणतात, वयच झालं. अंगावर दूध येण्याची कारणं पुष्कळ आहेत. थायरॉईड कमी असलं तरी येतं, मनाच्या आजाराच्या किंवा उलटीच्या काही गोळ्यांनीही येतं. त्यामुळं लगेच घाबरायचं नाही, पण दाखवायचं मात्र नक्की.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते. पिट्युटरीच्या गाठींचा एक प्रकार असा आहे की तो प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक भरमसाट तयार करतो. दूध उतरवणारं संप्रेरक ते हेच. या प्रकारच्या गाठीला बहुतेक वेळा चाकू लावावाच लागत नाही. कॅबरगोलीन नावाची गोळी आठवड्यातून एकदा-दोनदा घेतली की बहुतेकींची गाठ आटते. चांगली मोठी झालेली गाठसुद्धा आटते, नजर सुधारते, पाळी परत येते. गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानं बराच काळ घ्यावी लागते.

म्हणून या जागेची गाठ निघाली की ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारायचं, "प्रोलॅक्टिनची तपासणी झाली का?" यात एक मेख आहे. गाठ फार मोठी असली तर रक्तात प्रोलॅक्टिन इतकं जास्त असतं की तपासणीचं मशीनही फसतं आणि आकडा कमी दाखवतं. तेव्हा रक्ताचा नमुना पातळ करून पुन्हा तपासतात. गाठ मोठी आणि आकडा लहान, असं दिसलं तर हे विचारायला संकोच करू नका.

नाकातली वाट

प्रोलॅक्टिनची गाठ नसेल आणि नजर दबली असेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं. खोगिराच्या बरोबर पुढं, नाकाच्या मागच्या बाजूला, हाडात एक हवेची पोकळी असते. नाकपुडीतून दुर्बीण घालायची, त्या पोकळीत जायचं, मागचं पातळ हाड उघडायचं, की समोर गाठ. मेंदूला हात लावावा लागत नाही. केस काढावे लागत नाहीत, डोक्यावर टाका पडत नाही. गाठ अख्खी ओढून काढत नाहीत. थोडी थोडी खरवडून, शोषून घेतात. त्यामुळं लिंबाएवढी गाठ नाकातून निघते यात फसवणूक काही नाही. नाकातल्या दुर्बिणीचं आपल्याकडं नवल राहिलेलं नाही. २०२१ साली करोनानंतर काळी बुरशी आली, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी माणसांची नाकातून ऑपरेशनं झाली.

ही वाट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०७ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक गावी हर्मन श्लोफर यांनी पिट्युटरीची गाठ पहिल्यांदा नाकाच्या बाजूनं काढली. पुढं अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून नाकाच्या वाटेनं दोनशेहून जास्त ऑपरेशनं केली. पण तेव्हा त्या अरुंद बोळात उजेड पुरत नव्हता, म्हणून त्यांनीच ती वाट सोडली आणि कवटी उघडण्याची वाट धरली. बाकीच्या डॉक्टरांनीही तेच केलं. एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी मात्र ती वाट सोडली नाही. त्यांच्याकडून पॅरिसचे जेरार गियो शिकले, गियोंकडून कॅनडाचे ज्यूल्स हार्डी शिकले. हार्डींनी १९६० च्या दशकात तिथं सूक्ष्मदर्शक नेला आणि वाट पुन्हा उजळली. पुढं दुर्बीण आली. वाट तीच होती, उजेड बदलला.

मुंबईच्या केईएममधले ११८ रुग्ण

मग सगळ्याच मोठ्या गाठी नाकातून काढाव्यात का? याचं चांगलं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. मुंबईत परळला महापालिकेचं केईएम रुग्णालय आहे. तिथले डॉ. अतुल गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरीच्या अतिशय मोठ्या, म्हणजे ४ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी असलेल्या ११८ रुग्णांवरच्या ऑपरेशनचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडं रुग्ण उशिरा येतात, म्हणून एवढ्या मोठ्या गाठी सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत दिसतात. त्या अनुभवातून त्यांनी या गाठींच्या चार पायऱ्या केल्या.

त्या पायऱ्या अशा समजून घ्या. ग्रंथीच्या खोगिरावर एक पातळ पडदा ताणलेला असतो, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधावं तसा. गाठ वाढते तेव्हा बहुतेक वेळा हा पडदा फाटत नाही, फुग्यासारखा वर ताणला जातो. फोटोत गाठ मेंदूत घुसल्यासारखी दिसते, पण खरं तर ती पडद्याखालीच असते. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत गाठ बाजूला, जाड रक्तवाहिनीच्या भोवतालच्या पोकळीत शिरते. तिसऱ्या पायरीत त्या पोकळीचं छत वर उचलते. इथपर्यंत गाठ कुठल्या ना कुठल्या पडद्याच्या आत असते. चौथ्या पायरीत ती पडदा ओलांडून वर जाते आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना वेढा घालते.

पडद्याखालच्या गाठीला नाकाची वाट बरी, असं या अभ्यासातून पुढं आलं. खालून गाठ काढत गेलं की ताणलेला पडदा आपोआप खाली येतो आणि वरची उरलेली गाठ आपल्या पायानं खाली उतरते. पडदा मेंदूला आणि डोळ्याच्या नसेला राखतो. तीच गाठ वरून काढायला गेलं तर आधी डोळ्यांच्या नसा वाटेत येतात, मग पडदा फाडावा लागतो. चौथ्या पायरीची गोष्ट वेगळी. तिथं रक्तवाहिन्या गाठीत गुंतलेल्या असतात, त्या डोळ्यांसमोर ठेवूनच सोडवाव्या लागतात. अशा वेळी कपाळाच्या बाजूनं हाड उघडून वरून जावं लागतं, किंवा खालून आणि वरून अशा दोन वाटा वापराव्या लागतात.

म्हणजे बघा, ५ सेंटीमीटरची गाठ पडद्याखाली असेल तर नाकातून निघू शकते. तिच्यापेक्षा लहान गाठ रक्तवाहिन्यांच्या पलीकडं बाजूला गेली असेल तर वरून जावं लागतं.

आणखी एक गोष्ट बघतात, गाठ मऊ आहे की चिवट. लोण्यासारखी असेल तर शोषून निघते. रबरासारखी असेल तर खालून हात पुरत नाही. हे कधीकधी आत गेल्यावरच कळतं. म्हणून "नाकातून सुरुवात करू, लागलं तर पुढं वरूनही करावं लागेल," असं डॉक्टर म्हणाले तर ते गोंधळलेत असं समजू नका. ते आधीच खरं सांगतायत.

कानाजवळची आणि आवरणाची गाठ

दुसरी जागा कानाच्या आत, ऐकण्याच्या नसेवर. एका कानानं हळूहळू कमी ऐकू येतं, कानात शिट्टी वाजते, तोल जातो. फोन नेहमी एकाच कानाला धरावा लागतो. इथं वाट ठरवताना डॉक्टर विचारतात, त्या कानाला अजून ऐकू येतं का? येत असेल तर कानामागचं हाड उघडून जातात, म्हणजे ऐकणं वाचवायचा प्रयत्न करता येतो. ऐकणं आधीच गेलेलं असेल तर कानाच्या हाडातूनच वाट काढता येते आणि मेंदूला कमी धक्का लागतो. ही कानातली वाट अमेरिकेतल्या विल्यम हाउस यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाच्या मदतीनं रुळवली.

या गाठीला चेहऱ्याची नस चिकटलेली असते. ती दुखावली तर तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही. म्हणून मोठ्या गाठीचा पातळ पापुद्रा काही वेळा नसेवर मुद्दाम ठेवतात. पुढं एमआरआय करून त्यावर लक्ष ठेवतात, वाढला तर नेमके किरण देतात. "सगळी गाठ काढली नाही" म्हणजे काम अर्धवट टाकलं असं नाही. गाठ पुरती काढून बाईचं तोंड कायमचं वाकडं करायचं, का थोडी ठेवून तिला हसता-जेवता येऊ द्यायचं, हे तिला आधी विचारायला हवं.

तिसरी गाठ मेंदूच्या आवरणातून निघते, तिला मेनिन्जिओमा म्हणतात. ही पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसते. ती कपाळामागं झाली तर आधी वास येईनासा होतो. फोडणी करपली तरी कळत नाही. हिची वाट जागेप्रमाणं बदलते, पण मोठी आणि दोन्ही बाजूंना पसरलेली असेल तर बहुधा वरूनच जातात.

नंतरची काळजी

नाकातून ऑपरेशन झालं तर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, जड घागर उचलायची नाही, वाकून झाडलोट करायची नाही, कुंथायचं नाही. नाकातून किंवा घशात पाण्यासारखं स्वच्छ पाणी ठिबकायला लागलं तर त्याला सर्दी म्हणू नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना कळवा. फार तहान आणि घागरीनं लघवी झाली तरी कळवा.

पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर काहींना स्टेरॉईड आणि थायरॉईडच्या गोळ्या कायम लागतात. "बरं वाटतंय" म्हणून स्टेरॉईडची गोळी मनानं बंद केली तर जीव धोक्यात येतो. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नका. ताप, उलट्या असताना डोस वाढवावा लागतो, तो किती ते आधीच लिहून घ्या. घरात गोळ्या आठ दिवस पुरतील एवढ्या नेहमी असू द्या.

आणि एक धोक्याची खूण. अचानक डोकं फुटल्यासारखं दुखलं, उलटी झाली, नजर गेली, पापणी पडली, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

जायचं कुठं, खर्चाचं काय

सुरुवात जवळच होते. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. आधी डोळ्यांच्या विभागात बाजूच्या नजरेची तपासणी, रक्तातल्या संप्रेरकांची तपासणी, मग एमआरआय. मोठ्या गाठीचं ऑपरेशन मात्र हे काम नेहमी करणाऱ्या हातांकडंच करावं. तिथं मेंदूचे सर्जन, नाक-कान-घशाचे सर्जन आणि संप्रेरकांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आपलं नांदेड होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आमचं हे ऑपरेशन योजनेत कोणत्या नावानं बसतं आणि त्यासाठी हे रुग्णालय मान्य आहे का. योजनेचा फोन नंबर १५५३८८. हैदराबादला जायचं ठरलं तर कार्ड तिथं चालतं का, हे निघायच्या आधी विचारा. मुंबईत राहण्याची चिंता असेल तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांची सोय करतात. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जागेची चौकशी आधी करा. शेत विकायचा विचार या सगळ्या चौकशा झाल्यावरच करा.

विचारायचे सात प्रश्न

वहीत लिहून घ्या. डॉक्टरांपुढं बसल्यावर आठवत नाही.

१. ही गाठ कोणत्या प्रकारची वाटते? गोळीनं आटणारी आहे का?
२. गाठ नेमकी कुठं आहे? एमआरआयचा फोटो दाखवून सांगाल का?
३. तुम्ही कोणती वाट निवडताय आणि दुसरी का नको?
४. माझी नजर, ऐकणं, चेहरा यांपैकी कशाला धोका आहे?
५. सगळी निघेल का? थोडी ठेवावी लागली तर पुढं काय?
६. अशी ऑपरेशनं इथं वर्षाला किती होतात?
७. थांबलं तर काय होईल आणि किती दिवस थांबता येईल?

हे प्रश्न जिचं डोकं आहे तिनं स्वतः विचारावेत. नवरा, दीर, भाऊ बरोबर असावेत, पण सहीच्या आधी तिला समजलं पाहिजे.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एक काम करा. दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीनं एक डोळा हातानं झाकायचा आणि समोरचीच्या नाकाकडं बघायचं. समोरचीनं हात लांब करून, बाजूनं बोटं हलवत हळूहळू आत आणायची. बोटं कधी दिसली ते सांगायचं. मग दुसरा डोळा. एखादीला दोन्ही डोळ्यांनी बाजूचं फारच उशिरा दिसलं तर तिला एकटीला पाठवू नका. सोबत एक जण जा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ही पक्की तपासणी नाही, पण दबलेली नस वेळेत मोकळी झाली तर नजर परत येऊ शकते. फार दिवस दबून वाळलेली नस मात्र मागं फिरत नाही.

पुढच्या वेळी थायरॉईडवर बोलू. तोवर नमस्कार.